कुसुमताईंचं जू

बाईमाणूस खांद्यावर जू घेऊन कॉलेजात येतं, हे तुम्ही कुठं ऐकलंय का? मी डोळ्यांनी पाहिलंय. बैलांच्या मानेवर ठेवतात ते लाकडी जू, तेल पिऊन पिऊन काळं झालेलं. कडक इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ आणि खांद्यावर हे धूड! गेटवरचे शिपाईमामा नमस्कार करायला उठले ते तसेच हात जोडून उभे. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत होते. हातातली परीक्षानळी बेसिनमध्ये पडून फुटली तरी मला कळलं नाही. "अगं बाई, या आता कुणाला जुंपायला निघाल्यात?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्या म्हणजे कुसुमताई शेवाळे, आमच्या गणिताच्या प्राध्यापिका. दोन हजार सालाच्या पुढची-मागची गोष्ट. आमचं कॉलेज मंचरच्या बाजूला, ताईंचं घर कळंबच्या शिवारात, आणि मी जुन्नरहून एसटीनं येणारी. ताई माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या. लग्न केलेलं नाही. घरात त्या आणि त्यांचे वडील अण्णा, बाकी सगळी जनावरं. सकाळी कॉलेजात येतानाच मोपेडला घासाची पेंढी बांधलेली असायची, आणि ती सुकू नये म्हणून ताई मोपेड लावायच्या नेमकी प्राचार्यांच्या गाडीच्या सावलीत. एकदा प्राचार्यांनी विचारलं, "मॅडम, हे काय आहे?"

"वैरण आहे, सर."

"ते दिसतंय मला."

"मग विचारता कशाला?"

मी शेजारीच उभी होते. माझं तर धाबंच दणाणलं. पण प्राचार्य बिचारे दुसऱ्या दिवसापासून गाडी थोडी पुढे घेऊन लावायला लागले, सावली जास्त पडावी म्हणून की काय कोण जाणे.

तर ते जू. खांद्यावरून उतरवून त्यांनी सरळ दुसऱ्या वर्षाच्या वर्गात टेबलावर आदळलं. मी माझं काम टाकून दाराशी जाऊन उभी राहिले, कारण राहवेना. त्यांनी दोन पोरं पुढं बोलावली, दोघांना वाकायला लावलं आणि दोघांच्या मानेवर जू ठेवलं! अख्खा वर्ग खो खो हसतोय, ती दोन पोरं लाजून लाल, आणि ताईंचा चेहरा मात्र गंभीर.

"मधे काय आहे?"

"जू, मॅडम."

"बस्स. मधे बसतं आणि दोघांना धरून ठेवतं, ते चिन्ह. दोन अधिक तीन म्हणताना अधिक कुठं असतं? मधेच की. ते अधिक आपल्या आधी कुणीतरी ठरवून ठेवलंय. पण आपण आपलं चिन्ह काढू नये, असं कुणी सांगितलंय? आता मला सांगा, दोन अधिक तीन आणि तीन अधिक दोन, फरक आहे?"

"नाही मॅडम."

"आता या दोघांची अदलाबदल केली. हा डावीकडचा उजवीकडं, उजवीकडचा डावीकडं. बैल असते तर चाललं असतं?"

मागच्या बाकावरनं एक पोरगं ओरडलं, "न्हाई मॅडम, उधळतील की! डाव्या खांद्याचा बैल उजवीकडं चालत न्हाई."

"शाबास. म्हणजे अधिकचं चिन्ह क्रम बघत नाही, आणि जू बघतं. लिहून घ्या."

मी रसायनशास्त्राची. पण एवढं गणित मला त्या दिवशी दारात उभ्या उभ्या कळलं, आणि याचा मला माझ्या स्वतःच्या गणिताच्या मास्तरांवर फार राग आला.

हे सगळं सुरू झालं होतं एका सीडीवरून. गणित विभागाला तेव्हा नवीनच कॉम्प्युटर मिळालेला. त्याची खोली वेगळी, चपला बाहेर काढायच्या, मशीनवर फुलाफुलांची चादर. ताई पुण्याला कसल्याशा कार्यशाळेला गेल्या आणि येताना सीडीवर बीजगणित करणारा एक प्रोग्रॅम घेऊन आल्या. नुसती आकडेमोड करणारा नव्हे हं. एक्स, वाय ही अक्षरं तशीच ठेवून समीकरणं सोडवणारा. मला हात धरून त्या खोलीत नेलं. "नलू, बघ तर खरी. याच्यात आपलं चिन्ह आपण बनवू शकतो."

मराठी अक्षरं त्या प्रोग्रॅमला कळत नव्हती. म्हणून ताईंनी जे आणि यू अशी दोन इंग्रजी अक्षरं घेतली, आणि झालं 'जू' तयार. मला त्यांनी समजावून सांगितलं ते असं: मशीनला आधी सांगायचं, की बाबा रे, हा शब्द यापुढं दोघांच्या मधे बसणार आहे. मग त्याचा अर्थ सांगायचा. मग तो शेजारच्यांना किती घट्ट धरतो त्याचा एक आकडा द्यायचा, म्हणजे जू आणि अधिक एकाच ओळीत आले तर आधी कुणाचं ऐकायचं ते मशीनला कळतं. न सांगता वापरायला गेलं की मशीन लगेच चूक दाखवतं. "आधी सांगायचं, मग वापरायचं," हे ताईंचं पालुपद. पुढं ते इतकं वाढलं, की स्टाफरूममध्ये कुणी न विचारता त्यांच्या डब्यातलं लोणचं उचललं तरी त्या हेच म्हणायच्या.

त्या घट्ट धरण्याच्या आकड्यावरून तर आमचं भांडणच झालं. सगळ्यांच्या देखत मला विचारतात कशा, "नलू, तुझ्या घरी तू, तुझे मिस्टर आणि तुझ्या सासूबाई. तुझे मिस्टर मधे. तर आधी कुणीकडं ओढले जातात?" असं कुणी विचारतं का चारचौघांत? मी म्हटलं, "सासूबाईंकडं." तर ताईंनी शांतपणे फळ्यावर लिहिलं आणि म्हणाल्या, "मग सासूकडचा आकडा मोठा लावावा लागणार." सगळी स्टाफरूम हसायला लागली. मी दिवसभर तणतणत होते. घरी जाऊन भाजी खारट केली ती वेगळीच.

आणि ते बर्वे सर! प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक, पुण्याचे, नाकावर चष्मा, बोलणं तोलून मापून. एका पोरानं उत्तरात जू वापरलं. आधी दोन ओळींत त्याचा अर्थ लिहिला होता, मग वापरलं होतं. बर्वे सरांनी त्यावर लाल पेन्सिल ओढली. "असलं चिन्ह पुस्तकात नाही."

ताई उठल्या. मला वाटलं आता माफी मागतील. त्या म्हणाल्या, "सर, अधिकचं चिन्ह कुणीतरी पहिल्यांदा लिहिलंच असेल ना? त्या दिवशी ते तरी कुठल्या पुस्तकात होतं?"

परीक्षकाला उलट उत्तर! सर लाल झाले. ताईंनी त्यांच्यासमोर कीबोर्ड ओढला आणि मशीनला सांगितलं की 'बर्वे' हे आता दोघांच्या मधे बसणारं चिन्ह आहे. मग लिहिलं, दोन बर्वे तीन. मशीननं निमूटपणे परत छापलं, दोन बर्वे तीन. सर पडद्याकडं बघतच राहिले.

"हे... याचं उत्तर किती?"

"तुम्ही ठरवाल तेवढं, सर. नाव तुमचं आहे."

आणि मग बर्वे सर हसायला लागले हो! चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. खुर्ची ओढून बसले आणि बर्वेचा अर्थ ठरवायला लागले, पहिल्याचा वर्ग अधिक दुसरा, नको, तसं नको, असं करून बघू. चहा गार झाला, जेवण राहिलं, शेवटची एसटी चुकायची वेळ आली तरी उठेनात. त्या पोराला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. मी ताईंना म्हटलं, "तुम्हाला भीती म्हणून वाटत नाही का हो?" तर म्हणाल्या, "बैल अंगावर आलेत माझ्या लहानपणी. परीक्षकाची कसली भीती?"

बैलांचं आता सांगायलाच हवं. ताईंचे वडील, अण्णा, हे गाडामालक. आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रा म्हटली की बैलगाड्यांची शर्यत आलीच. चढणीवर धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात. गाड्याला चार बैल, पुढच्या जोडीला जुकाट म्हणतात, मागची धुरीची. गाड्यावर माणूस नसतो. खाली माणसं बैल जुंपून धरून ठेवतात, झेंडा पडला की सोडून देतात, आणि बैल आपापले वर पळत सुटतात. वर घड्याळ लावलेलं असतं. चारही चांगले बैल एका घरात कुठून असणार, म्हणून दोन-तीन मालक आपापले बैल एकत्र करून गाडा पळवतात.

अण्णांचा जोडीदार म्हणजे जुन्नरचे मुनीरभाई. पेठेत त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि बैलांच्या गप्पा जास्त. अण्णांचा हिरा आणि मुनीरभाईंचा बाज्या. हिरा पांढराशुभ्र, डाव्या खांद्याचा. अण्णांनी त्याला वासरू असल्यापासून डावीकडंच चालवलेलं. बाज्या कुठल्याही बाजूला चालायचा. मी पहिल्यांदा ताईंच्या घरी गेले तेव्हा अण्णा हिऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मला म्हणाले, "बसा बाई. पोरीचा लई जीव हाय तुमच्यावर. तुमी बी मशीनवरल्या का?"

"नाही हो अण्णा. मी केमिस्ट्री."

"असू द्या, असू द्या," म्हणाले, मला काही आजार असल्यासारखं.

लेकीचं किती कौतुक करावं त्या माणसानं! चौथी शिकलेले. ताई काय शिकवतात ते ठाऊक नाही, पण गावात कुणी काही पैज लावली की म्हणायचे, "थांब, माझ्या पोरीला इचारतो." लेकीनं सांगितलं की विषय संपला. लहानपणापासून तिला एकदाही 'तू चुकलीस' म्हणाले नाहीत, असं ताईच हसत हसत सांगायच्या.

पण गेली काही वर्षं अण्णांचा गाडा पहिल्या नंबरात येत नव्हता. गावात लोक बोलायला लागले होते. मुलगा नाही, पुढं गाडा कोण बघणार, म्हातारा उगाच हौस करतो. अण्णांनी एकदा जेवताना सांगून टाकलं, हा हंगाम शेवटचा, मग हिरा मुनीरभाईला देऊन टाकायचा. ताईंचा घास हातातच राहिला. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "नलू, हिरा जाण्याआधी त्यांना एकदा पहिला नंबर बघू दे. एकदाच. मग मी काही मागणार नाही." मी ताईंना इतकं हळवं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी ते जू खरोखरच जुंपलं. तालुक्यातल्या यात्रांमधल्या वेळा गोळा केल्या, कुठला बैल कुणाबरोबर पळाला, किती वेळ लागला. सगळं मशीनमध्ये घातलं. हिरा जू बाज्या म्हटलं की या जोडीची वेळ, असा अर्थ लावला. आणि इथं घोटाळा झाला. वेळा सांगणारे लोक वेगवेगळे. कुणी म्हणे हिरा-बाज्या, कुणी म्हणे बाज्या-हिरा. मशीनला वाटे या दोन वेगळ्या जोड्या. तेव्हा ताईंनी वेळ वाचवायला मशीनला सांगून टाकलं, की जू क्रम बघत नाही, इकडून लिहा की तिकडून, एकच. वेळांच्या हिशेबापुरतं ते बरोबरच होतं. पण मशीनला असं सांगितलं की ते काय करतं? दोन्ही नावं आपल्या मनानं वर्णानुक्रमे लावून टाकतं. बी आधी, एच नंतर. बाज्या जू हिरा.

उत्तर आलं ते फार छान आलं. पुढं हिरा आणि बाज्या, मागं अमुक आणि तमुक, अशी जुंपणी केली तर पहिला नंबर. ताई नाचायच्याच बाकी होत्या. त्याच आनंदात त्यांनी कागद छापून अण्णांच्या हातात दिला. मशीनच्याच क्रमानं, डावीकडं बाज्या, उजवीकडं हिरा.

ज्या बाईनं भर वर्गात पोरांच्या मानेवर जू ठेवून क्रमाचा धडा दिला, तिच्या हातून हे व्हावं! मी आजही हे लिहिताना माझंच डोकं धरून बसते.

यात्रेच्या दिवशी ताई मला घेऊन गेल्या. बायका खाली घाटात जात नाहीत, आम्ही वरच्या उतारावर उभ्या. ऊन मरणाचं. माइकवर निवेदक ओरडतोय, हलगी वाजतेय, भंडाऱ्यानं माणसं पिवळी झालेली. अण्णांच्या बारीची, म्हणजे पाळीची, वेळ आली. नवीन फेटा बांधून अण्णा स्वतः बैलांपुढं उभे. ताई टाचा उंचावून बघत होत्या आणि एकदम त्यांनी माझा दंड धरला, नखं रुतली.

"नलू, हिरा उजवीकडं का आहे?"

मला काय कळतंय? मी म्हटलं, "कुठला हिरा?"

"अण्णा! अहो अण्णा, थांबा!" ताई ओरडायला लागल्या. त्या गोंगाटात कोण ऐकणार? चप्पल सुटली, पदर सुटला, ताई दगडांतून खाली पळायला लागल्या. मी मागं. झेंडा पडला.

हिरा पहिल्याच उडीला सवयीप्रमाणे डावीकडं वळला. बाज्यावर आदळला, गाडा तिरका झाला. अण्णा बाजूला व्हायला गेले ते नेमके त्याच बाजूला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा भंडारा अजून हवेतच होता आणि माणसं अण्णांच्या अंगावरून चाक उचलत होती. हलगी बंद पडलेली. एवढ्या माणसांत कुणीच बोलत नव्हतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मात्र सगळे एकदम बोलायला लागले. अण्णांच्या भावकीतली माणसं मुनीरभाईंच्या अंगावर धावून गेली. तुझ्याच माणसांनी उलटं जुंपलं, तुला हिरा हवा व्हता म्हणून केलंस, असं काय वाटेल ते. मुनीरभाई भिंतीला टेकून उभे, पांढरेफटक. ताई आतून बाहेर आल्या. सगळ्यांच्या मधे उभ्या राहून म्हणाल्या, "त्यांना कुणी हात लावायचा नाही. मी चुकले. कागदावर मी उलटं लिहून दिलं."

कुणाचा विश्वास बसेना. पोरगी शिकलेली, ती कशी चुकेल? मग मुनीरभाई खाली बसले आणि रडत बोलले, "मी म्हनलं व्हतं, अण्णा, आपला हिरा डावीकडचा, हे काय करताय? तर अण्णा म्हनले, मला बी ठाव हाय मुनीर. पर पोरीनं लिवलंय. आपल्याला म्हाईत नसलेलं काय तरी तिला म्हाईत असल."

ताई हे ऐकून उभ्या होत्या तशाच भिंतीवर आपटल्या. त्यांनी हंबरडा फोडला नाही. नुसतं मला म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं, नलू. ठाऊक होतं गं."

अण्णा वाचले, पण कमरेतून गेले. खाटेवरच. हिरा मुनीरभाई घेऊन गेले आणि रोज येऊन अण्णांना त्याची खबर सांगायचे. ताई कॉलेज करून घरी जायच्या आणि अण्णांचं सगळं करायच्या. मी अधूनमधून जायचे. आणि दर वेळी तेच बघून मला गुदमरायला व्हायचं. कुणीही भेटायला आलं की अण्णा सांगायचे, "मशीन बराबर व्हतं. पोरीचा हिशेब बराबर व्हता. बैलच चुकला."

ताई खाटेशी बसून म्हणायच्या, "अण्णा, बैल नाही चुकला. मी चुकले. तुम्ही मला एकदा बोला तरी. एकदा रागवा."

"खुळी का काय? तू कशी चुकशील?"

"चुकले हो मी!"

"न्हाई पोरी. न्हाई." आणि डोक्यावरून हात फिरवायचे. तो हात फिरला की ताई तोंड वळवायच्या. मी एकदा चिडून अण्णांना म्हणालेसुद्धा, "अहो, म्हणा ना एकदा, चुकली म्हणून. तिला हवंय ते." अण्णा माझ्याकडं असे बघायला लागले जसं मी त्यांना शिवी द्यायला सांगतेय. म्हणाले, "बाई, माझ्या तोंडातनं न्हाई निघायचं ते." आणि नाहीच निघालं. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी अण्णा गेले.

तेराव्यानंतर ताई कॉलेजात आल्या. घासाची पेंढी नव्हती. मला वाटलं, आता त्या जूचं नाव काढणार नाहीत. कसलं काय! पहिल्याच तासाला त्यांनी मशीनवर जू उघडलं आणि पोरांना सगळं सांगितलं, हे चिन्ह मी असं बनवलं, इथं मी क्रम बघू नको म्हणाले, आणि इथं माझे वडील गेले. एका दमात, पाढे म्हटल्यासारखं. पोरं दगड होऊन बसलेली. मी ताईंना बाहेर नेऊन झापलं, "ताई, अहो काय हे? पोरांना असलं सांगतात का?" तर म्हणाल्या, "आधी सांगायला पाहिजे होतं." बाकी काही नाही.

त्यानंतर हळूहळू पोरंच गप्प झाली. ताईंविषयी आधी धाक होता, आता त्यात दया मिसळली. कुणी शंका विचारेना. ताई फळ्यावर जे लिहितील ते पोरं वहीत उतरवायची, मान खाली घालून. आणि ताईंचा पारा त्यानं आणखी चढायचा.

माझी बदली झाली जुन्नरला. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन मी गणिताच्या वर्गावरून निघाले तर दार उघडं होतं. ताई खडू हातात धरून फळ्याशी उभ्या. फळ्यावर लिहिलं होतं, अ जू ब बरोबर ब जू अ. मी दचकले. हे तर चूक! मलाही कळत होतं, मला, रसायनशास्त्रवालीला!

"बरोबर आहे?" ताईंनी विचारलं.

"हो मॅडम," अख्खा वर्ग.

"कशावरून?"

मग पुढचा एक मुलगा म्हणाला, "तुम्ही लिहिलंय ना, मॅडम."

ताईंचा चेहरा मी बघितला आणि मला दारातून हलता येईना. त्या रागावल्याही नाहीत. तशाच उभ्या राहिल्या. तासाची घंटा झाली तरी हलल्या नाहीत, आणि त्या हलत नाहीत म्हणून पोरंही उठेनात. बाहेर व्हरांड्यात पुढच्या वर्गाची मुलं जमायला लागली. मला वाटलं आत जाऊन त्यांना हाताला धरून आणावं.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी अर्धवट उठली. डोंगरातल्या आहुप्याकडची, वसतिगृहात राहणारी, वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ओढणीचं टोक मुठीत आवळलेलं.

"मॅडम... चुकलंय वाटतं."

"वाटतं?"

"न्हाई. म्हणजे... चुकलंय."

"कोण चुकलंय?"

मुलीनं शेजारणीकडं बघितलं. शेजारण खाली बघायला लागली. मुलगी घाबरलेली, पण सरळ उभी राहिली. "तुमी चुकलाय, मॅडम."

ताईंच्या हातातला खडू खाली पडला. त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले, डोळे मिटले.

"परत म्हण," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं म्हण, बाळ."